उपज आणि सातत्य : पेटीपासून जॅझ पियानोपर्यंत

एखाद्या दिवशी बोटांतून स्वर आपोआप उमटतात, सम अचूक सापडते आणि ऐकणाऱ्याची मान डोलते. दुसऱ्या दिवशी वाद्य तेच, राग तोच, ठेकाही तोच. पण काहीच जुळून येत नाही. उत्स्फूर्त वादन करणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव परिचित असतो. अनेक जण त्याला 'मूड' म्हणतात आणि चांगल्या दिवसाची वाट पाहत राहतात. काही जण काही वर्षांनी वाद्यच बाजूला ठेवतात. आपल्याला दैवी देणगी नाही, असा त्यांचा समज झालेला असतो.

हा समज तपासून पाहण्याजोगा आहे. आयत्या वेळी सुचलेल्या विस्ताराला आपल्या संगीतात 'उपज' हा सुंदर शब्द आहे. उपज म्हणजे उगवण, आणि उगवणीसाठी आधी जमिनीची मशागत लागते. वादकाची खरी पातळी त्याच्या सर्वोत्तम दिवसावरून ठरत नाही. सर्वांत वाईट दिवशी तो किती खाली घसरतो, यावरून ती ठरते. रियाझाने शिखर उंचावते की नाही हे सांगणे कठीण. तळ मात्र निश्चितपणे वर उचलता येतो. तो कसा, हे पेटी आणि जॅझ पियानो या दोन वाद्यांच्या आधारे येथे पाहू.

देऊळगाव राजा आणि पेटीचा मुलूख

बुलडाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा हे विदर्भ आणि मराठवाड्याच्या सीमेवरचे तालुक्याचे गाव. येथील बालाजी मंदिर आणि आश्विनातला त्याचा यात्रोत्सव दूरवर प्रसिद्ध आहे. जाधवांचे सिंदखेड राजा जवळच, आणि जालना शहरही फार दूर नाही. या पट्ट्यात कीर्तन, भजन आणि काकडा यांची परंपरा आहे. जेथे भजन आहे तेथे टाळ, पखवाज आणि पेटी आलीच. 'पियानो' हा शब्द कानी पडण्यापूर्वीच काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ओळख येथील मुलांना भजनी मंडळातून होते.

याच परिसराने देशाला एक श्रेष्ठ संवादिनीवादक दिला. जालना परिसरातील जळगाव या गावचे आप्पा जळगावकर यांनी आरंभी गायनाचे शिक्षण घेतले; पेटीवरचा त्यांचा हात मात्र बहुतांशी स्वतःच्या श्रवणातून आणि मेहनतीतून घडला. पुढे पंडित भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, किशोरी आमोणकर अशा दिग्गजांच्या साथीला ते बसले. २००० मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २००९ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले. तालुक्याच्या गावात पेटीचा पूर्णवेळ गुरू मिळणे सोपे नसते. त्यामुळे एकट्याने शिकणाऱ्याच्या दृष्टीने हे उदाहरण मोलाचे आहे. आप्पांचा पाया गायनाचा होता, ही गोष्ट मात्र येथे विसरता कामा नये.

पेटीला प्रतिष्ठा सहज मिळाली नाही. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबॅन यांनी १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. हिंदुस्थानात येऊन हे वाद्य हाताने भाता मारण्याजोगे झाले आणि मांडी घालून बसणाऱ्यांच्या पुढ्यात आले. मींड आणि श्रुती त्यावर वाजत नाहीत, हा त्यावरचा मुख्य आक्षेप. याच आक्षेपापोटी आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत राहिली. तरीही गोविंदराव टेंबे, विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर यांच्यासारख्या वादकांनी स्वतंत्र पेटीवादनाला मान मिळवून दिला. पी. मधुकरांचे शिष्य तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. मूळचे नागपूरचे मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडलाची जोड देऊन 'संवादिनी' घडवली.

दोन वाद्ये, एकच अडचण

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजातून उगम पावलेले संगीत. मुंबईला त्याची ओळख फार जुनी आहे. अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफोर्ड १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात वाजवत असत. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले गोमंतकीय ट्रम्पेटवादक, पियानोवादक लुसिला पाशेको आणि त्यांच्या पिढीचे अनेक कलावंत हॉटेलांतील बँड आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद या दोन्ही ठिकाणी वावरले. १९५८ मध्ये पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आले असता सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत त्यांनी वादन केले. १९७८ पासून 'जॅझ यात्रा' या महोत्सवाने जगभरचे कलावंत मुंबईकरांपुढे आणले.

पियानो आणि पेटी यांत फरक पुष्कळ आहेत. पियानोवर दोन्ही हात वाजवतात, पेटीवर डावा हात भात्यात गुंतलेला असतो. पियानोचा स्वर उमटताक्षणी विरू लागतो, पेटीचा स्वर हवा मिळेल तोवर टिकतो. दोन्हींची अडचण मात्र एकच. पट्टीवरचा स्वर ठरलेला असतो. दोन स्वरांमधल्या जागेत घसरत जाता येत नाही. थेलोनिअस मंक हा जॅझ पियानोवादक शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबून मधल्या स्वराचा भास निर्माण करी. आपले पेटीवादक हेच काम कणस्वराने आणि पट्टी सोडण्याच्या खुबीने करतात. घसरत जाण्याची सोय नसल्यामुळे या वाद्यांवर विस्ताराचा सारा भार स्वरवाक्याच्या घडणीवर आणि लयीवर पडतो. म्हणूनच वादनातील चढउतारही तेथेच सर्वाधिक जाणवतात.

वादन अस्थिर का होते?

कारणे बहुधा चार असतात. पहिले, लय पक्की नसते. वादक ठेक्याच्या आधाराने चालतो, स्वतःच्या अंतःलयीने नाही. दुसरे, साहित्य फार आणि मुरलेले थोडे, अशी स्थिती असते. तिसरे, बोटे पुढे धावतात आणि कान मागे राहतात. त्यामुळे मनात जे नव्हते ते वाजते आणि जे होते ते वाजत नाही. चौथे, वाजवतानाच स्वतःला गुण देण्याची सवय लागलेली असते.

पेटीवादकांच्या बाबतीत पाचवे कारणही असते आणि ते निव्वळ यांत्रिक आहे. अनेक जण नकळत ठेक्याबरोबर भाता मारतात. त्यामुळे आवाज हेलकावे खातो आणि वादकाला वाटते, आज मनच लागत नाही. याची चाचणी सोपी आहे. मध्य सप्तकातला षड्ज धरून तीनतालाचे एक पूर्ण आवर्तन, म्हणजे सोळा मात्रा, आवाज न वाढवता आणि न ढासळता टिकवून पाहावा. तो टिकत नसेल तर दोष प्रतिभेचा नाही, डाव्या हाताचा आहे.

आधी लय

लयीच्या अभ्यासासाठी आपल्याकडे लेहरा नावाची अप्रतिम सोय आहे. तबल्याच्या स्वतंत्र वादनात पेटीवादक एका आवर्तनाची धून पुन्हा पुन्हा वाजवतो आणि तबलजी त्यावर गणिताची इमारत उभी करतो. हे काम वरवर कंटाळवाणे वाटते. प्रत्यक्षात समोर आडवी-तिरपी लय चाललेली असताना स्वतःची चाल ढळू न देणे, याहून कठीण धडा नाही. तबल्याच्या विद्यार्थ्यासाठी आठवड्यातून एक-दोनदा अर्धा तास लेहरा धरला तर दोघांचाही लाभ होतो.

साथीला माणूस नसेल तर तालयंत्र वापरावे, परंतु त्याची मदत हळूहळू कमी करत न्यावी. प्रथम सगळ्या मात्रा ऐकाव्यात, मग फक्त सम आणि खाली, मग केवळ सम. जॅझचे विद्यार्थी मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मानून वाजवतात, त्यामागचा हेतूही हाच असतो. ठोका जितका विरळ, तितकी जबाबदारी आपली.

या दोन परंपरा जितक्या दूर वाटतात तितक्या त्या नाहीत. जॅझमधील 'ब्लूज' हा बांधा बारा खंडांचा आणि प्रत्येक खंड चार मात्रांचा, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस मात्रांचा असतो. तीनतालाची ही बरोबर तीन आवर्तने झाली. बत्तीस खंडांच्या गीताची एक फेरी म्हणजे आठ आवर्तने. आवर्तनाचे भान ज्याच्या अंगात भिनले आहे, त्याला जॅझचा ढाचा परका वाटण्याचे कारण नाही. फरक एवढाच की आपण एका षड्जावर स्थिर राहून विस्तार करतो, तर जॅझमध्ये पायाखालचा स्वरसमूह, म्हणजे कॉर्ड, सतत बदलत असतो.

साहित्य थोडे, घोटणे फार

उपज सुचत नाही, अशी तक्रार असणारा विद्यार्थी सहसा आणखी पलटे, आणखी ताना, आणखी राग गोळा करू लागतो. उपाय बहुधा उलट दिशेला असतो. बिल इव्हान्स या अमेरिकन पियानोवादकाने १९६६ च्या एका माहितीपटात याविषयी मार्मिक विवेचन केले आहे. अवघड गोष्टीचा ढोबळ आभास निर्माण करण्यापेक्षा सोपी गोष्ट घ्यावी, ती खरी आणि अचूक वाजवावी आणि तिच्यावर पुढची पायरी रचावी, असा त्याचा आशय आहे.

भूप रागाचे उदाहरण घेऊ. सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर. पहिला आठवडा फक्त सा, रे, ग या तिघांवरच विस्तार करावा. तीन स्वरांत काय होणार, असे वाटेल. पण बदलण्यासारखे पुष्कळ असते. वाक्य कोठून सुरू करायचे, कोठे थांबायचे, कोणता स्वर लांबवायचा, किती मात्रा मोकळ्या सोडायच्या. याच मर्यादेत विस्तार वाक्यासारखा बोलू लागतो. पुढच्या आठवड्यात पंचम आणावा, नंतर धैवत.

समेवर येण्याचाही असाच सराव करावा. तीनतालात बाराव्या मात्रेपासून सुरू होणारा पाच मात्रांचा एक मुखडा पक्का करावा आणि विस्तार कोठेही असला तरी त्या मुखड्यावर परतावे. तिहाईचे गणित सोपे ठेवावे. पाच मात्रांचा तुकडा तीनदा आणि मध्ये दोनदा एक-एक मात्रेचा दम, अशा सतरा मात्रा होतात. समेवर सुरू केल्यास शेवटचा स्वर पुढच्या समेवर पडतो. झपतालात तीन मात्रांचा तुकडा याच रीतीने अकरा मात्रांचा होऊन समेवर येतो. असे दोन-तीन हुकमी मार्ग हाताशी असले की वाईट दिवशीही वादक वाट चुकत नाही. सुटकेची वाट ठाऊक असणारा माणूसच निर्धास्तपणे रानात शिरतो.

जॅझ पियानो शिकणाऱ्याने हाच न्याय कॉर्डना लावावा. पांढरी एक हा सा मानला, तर जॅझमधील सर्वांत प्रचलित चाल रिषभाच्या, पंचमाच्या आणि मग षड्जाच्या कॉर्डवरून जाते. या तिन्ही कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर पाहिला तर दोन सरळ ओळी हाती येतात : एक म, म, ग आणि दुसरी सा, नि, नि. डाव्या हाताने केवळ एवढेच दोन स्वर धरून उजव्या हाताने गाणे वाजवावे. सगळा स्वरसमूह दाबण्याची घाई करू नये. पुढे हीच चाल बाराही पट्ट्यांतून फिरवावी. पेटीवादकानेही आपला विस्तार काळी एकमध्ये पक्का झाल्यावर पांढरी चार आणि काळी पाचमध्ये वाजवून पाहावा. गायक किंवा गायिका बदलली की पट्टी बदलते, आणि पुष्कळदा एका पट्टीतला वाघ दुसऱ्या पट्टीत शेळी होतो.

आधी गळा, मग बोट

आप्पा जळगावकरांचा पाया गायनाचा होता, हे आरंभी सांगितले. लेनी ट्रिस्टानो हा अंध जॅझ पियानोवादक आपल्या विद्यार्थ्यांना नामवंतांचे एकल वादन आधी गळ्याने गायला लावत असे. वाद्यावर ते नंतर वाजवायचे. आवाज चांगला असण्याची येथे गरज नाही. गाता येते ते ऐकलेले असते, एवढाच मुद्दा. बोटे सवयीने धावतात, गळ्याला मात्र श्वास घ्यावा लागतो. म्हणून गाऊन वाजवणाऱ्याच्या विस्तारात विराम आपोआप येतात.

सराव असा करावा. एक वाक्य गावे, तेच वाजवावे. मग एक आवर्तन मनातल्या मनात गाऊन, हात मांडीवर ठेवून बसावे आणि पुढच्या आवर्तनात ते वाजवावे. भजनाची साथ हीसुद्धा कानाची उत्तम शाळा आहे. बुवा पुढे काय घेणार हे आधी ठाऊक नसते; ऐकून, एका श्वासाच्या अंतराने मागे जावे लागते.

घोटण्यातला एक सापळा

एकच तान ओळीने पन्नास वेळा वाजवली की ती उत्तम बसल्यासारखी वाटते आणि दुसऱ्या दिवशी नाहीशी होते. यामागचे कारण अभ्यासकांनी शोधले आहे. शी आणि मॉर्गन या अमेरिकन संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकेक हालचाल सलग घोटणारे सरावाच्या वेळी सरस ठरले. परंतु नंतरच्या चाचणीत हालचाली आलटून-पालटून करणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. तो प्रयोग संगीतावर नव्हता, तरी वादकासाठी त्यातला धडा स्पष्ट आहे. तानेची बोटे एकदा बसली की ती दुसऱ्या कामांत मिसळून, मध्ये अंतर ठेवून वाजवावी. त्यामुळे रियाझ कमी सुबक वाटेल, पण बैठकीत तोच कामी येईल.

वाईट वाद्य, वाईट दिवस

कीथ जॅरेट या पियानोवादकाची २४ जानेवारी १९७५ ची कोलोन येथील मैफल प्रसिद्ध आहे. ठरलेला पियानो मिळाला नाही. मिळाला तो छोटा आणि सदोष होता. वरचे स्वर कर्कश, खालचे दुबळे, पायपट्ट्याही नीट चालत नव्हत्या. जॅरेटने वादन बहुतांशी मधल्या सप्तकांत ठेवले आणि डाव्या हाताने लयबद्ध आवर्तने धरली. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण एकल पियानोच्या सर्वाधिक विकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणांत गणले जाते.

गावोगावच्या पेटीवादकाला ही परिस्थिती नवी नाही. मंदिरातली पेटी पावसाळ्यात फुगते, पट्टी दाबलेलीच राहते, एखादा स्वर उतरलेला असतो. अशा वेळी वाजवण्यापूर्वी दोन मिनिटे घेऊन प्रत्येक पट्टी तपासावी, कोणते स्वर टाळायचे ते ठरवावे आणि विस्ताराचे क्षेत्र आखून घ्यावे. मन थकलेल्या दिवशीही नियम हाच. मध्य सप्तक, मध्य लय, ओळखीचा मुखडा आणि भरपूर मोकळ्या मात्रा. कमी वाजवणे ही हार नाही. त्या दिवसापुरती ती योग्य निवड असते.

मनातला परीक्षक

चार्ल्स लिंब आणि अ‍ॅलन ब्राऊन यांनी २००८ मध्ये सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांच्या मेंदूचे, ते वाजवत असताना, स्कॅन केले. पाठ केलेले वाजवताना आणि उत्स्फूर्त वाजवताना मेंदूतील हालचाल वेगळी दिसली. उपज चालू असताना स्वतःवर पाळत ठेवण्याशी संबंधित मानला जाणारा पुढचा भाग शांत होता. सहा जणांवरून सर्वसाधारण नियम काढता येत नाही, हे खरे. तरीही वाजवणे आणि तपासणे ही दोन कामे वेगवेगळ्या वेळी करावीत, या जुन्या सल्ल्याशी हे निरीक्षण जुळते.

त्यासाठी मोबाइल फोन पुरेसा आहे. रोज विस्ताराची पाच मिनिटे ध्वनिमुद्रित करावीत, मात्र लगेच ऐकू नयेत. दुसऱ्या दिवशी ऐकून वहीत फक्त दोन नोंदी कराव्यात : सम कितीदा हुकली आणि कोणते वाक्य पुन्हा वाजवावेसे वाटले. महिन्याभरात वहीच सांगते, की जो दिवस आपल्याला फार वाईट वाटला तो तितका वाईट नव्हता आणि जो उत्तम वाटला त्यातही लय पळालेली होती.

पाऊण तासाचा आराखडा

नोकरी किंवा शिक्षण सांभाळणाऱ्यांसाठी पाऊण तासाची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिली पाच मिनिटे भाता आणि लांब स्वर. पियानोवर संथ, समान वजनाचे स्वर. दहा मिनिटे लेहरा किंवा विरळ ठोक्यावर लय. दहा मिनिटे मर्यादित स्वरांचा विस्तार, गाऊन आणि वाजवून. दहा मिनिटे मुखडा, तिहाई आणि पट्टीबदल, आलटून-पालटून. पाच मिनिटे न थांबता विस्तार आणि त्याचे ध्वनिमुद्रण. चूक झाली तरी थांबायचे नाही. शेवटची पाच मिनिटे आदल्या दिवशीचे ध्वनिमुद्रण ऐकून वहीत नोंद. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची ही पंचेचाळीस मिनिटे अधिक फळ देतात.

मोठ्या शहरात शिक्षक, मैफली आणि वाद्ये यांची वानवा नसते. देऊळगाव राजासारख्या गावातील विद्यार्थ्याकडे त्याऐवजी दर आठवड्याचे भजन आणि वर्षाचा उत्सव असतो. तेथे चुकलेल्या वादकाला थांबून पुन्हा सुरू करण्याची मुभा नसते, कारण चाळीस माणसे त्याच्या स्वरावर गात असतात. पेटी थबकली तर गाणाऱ्यांचा आधारच सुटतो. सातत्याचा खरा अर्थ तेथे कळतो. आपल्यावर विसंबलेल्या माणसांना आजही, कालच्या इतकाच, भरवशाचा स्वर देता येणे म्हणजे सातत्य. उपज त्यानंतरची गोष्ट आहे, आणि ती बहुधा अशाच भरवशाच्या हातांतून उगवते.